लेवोचाच्या वेशीतला दगड

शनिवारी, अठरा जानेवारीला, आमच्याकडचं तिळगूळ आटोपलं. माणसं पांगली. शेवटी तनय, निधी आणि गौरांगी एवढेच उरले. तिघं बूट चढवून दाराशी उभी राहिली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बाहेर उणे चौतीस होतं. तिघं एकदम निघालेली पाहून आमच्या सुरेखानं सवयीनं डब्यातली एक सुपारी काढली आणि तनयच्या हातात ठेवायला गेली. मी ती मधेच काढून घेतली आणि परत डब्यात टाकली.

पाच मिनिटांत तनय भुवयांवर बर्फ घेऊन परत आला. "काकू, गाडी स्टार्टच होत नाहीये."

इथं थंडीत इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटरची वायर भिंतीवरच्या प्लगला लावतात. तनयनंही ती बाहेर काढली होती. प्लगला लावायची तेवढी राहिली होती. मुलगा सॉफ्टवेअरमधला आहे. बॅटरीला बूस्ट देऊन गाडी चालू करणाऱ्या माणसानं फोनवर दीड तास सांगितला. तिघांनी बूट काढले आणि फायरप्लेससमोर बैठक मारली.

"काका, तुम्ही सुपारी काढून घेतलीत ना, म्हणून झालं हे," गौरांगी म्हणाली.

"व्हॉट इज धिस सुपारी बिझनेस?" निधीनं विचारलं. तिचा जन्म इथलाच.

मी सांगितलं, की तिघांनी मिळून कामाला निघू नये, काम बिघडतं, अशी आपल्याकडं समजूत आहे. निघायचंच झालं तर बरोबर एक सुपारी नाही तर खडा घ्यायचा. तो चौथा. काम झालं, घरी पोचलं, की त्याला टाकून द्यायचं.

"दॅट्स सो क्यूट!"

"प्रमोदिनीवहिनींनाही ते क्यूटच वाटायचं," मी म्हणालो. "ऑक्टोबरपर्यंत."

सुरेखा उठून आत गेली. तिला ही गोष्ट आवडत नाही. तिनं ती खुद्द वहिनींच्या तोंडून ऐकली आहे.

वहिनींचा नवरा शशिकांत म्हणजे माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. हायवे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. तुम्ही त्याला ओळखता. रस्त्याच्या वळणाचा कोन नुसत्या नजरेनं सांगेल, पण समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते लिहून दिलं तरी त्याला कळणार नाही. कल्पनाशक्ती म्हणाल तर शून्य. म्हणूनच त्यानं सांगितलेलं मी खरं धरून चालतो.

त्याची एकुलती एक मुलगी कस्तुरी. वय चौतीस, नोकरी इथून दूर, पूर्वेला हॅलिफॅक्सला. गेल्या वर्षी कंपनीनं तिला सहा महिने स्लोव्हाकियात कोशित्से नावाच्या गावी पाठवलं होतं. ऑक्टोबरात मुदत संपत होती. तेव्हा ठरलं असं, की आईबाबांनी जायचं, थोडं फिरायचं, आणि दिवाळीला तिला घेऊनच घरी यायचं.

काम एवढंच होतं. मुलीला घेऊन घरी येणं.

शशिकांतला पाहायचं होतं व्हिएन्ना. त्यानं वाचनालयातून पुस्तक आणून पानापानाला चिठ्ठ्या लावल्या होत्या. कस्तुरी म्हणाली, "बाबा, व्हिएन्ना सगळेच बघतात. मी तुम्हाला लेवोचाला नेते. सगळं गाव तटबंदीच्या आत आहे. यू विल लव्ह इट." त्यावर आदल्या रात्री बापलेकीचं भांडण झालं. मुलीनं तिकिटं काढूनच ठेवली होती, त्यामुळं बाप हरला. पण हरल्यावर गप्प बसेल तर तो शशिकांत कसला. सकाळपासून त्यानं मुलीशी बोलणं बंद केलं. बोलायचं ते बायकोच्या मार्फत. "तुझ्या मुलीला विचार, ट्रेन कुठून सुटते." तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस असा रुसला होता.

तर एकवीस ऑक्टोबर, सोमवार. मी पंचांग काढून बघितलं. अश्विन वद्य पंचमी. ना अमावस्या, ना पौर्णिमा. भुताखेताच्या सोयीचं काहीही नव्हतं.

आधी ट्रेन, मग बस, असं करत तिघं सव्वादहाला वेशीशी उतरली. वेस म्हणजे गावात शिरायचा जुना दरवाजा. दोन्ही बाजूंना दगडी तट, मधे कमान. कमानीखालून जाताना वहिनी थबकल्या.

"अहो, आपण तिघंच आहोत."

"मग? चौथा कुठून आणू?"

"तीन तिगाडा काम बिगाडा. सुपारी हॉटेलवर राहिली माझी."

वहिनी वाकल्या. भिंतीच्या तळाशी एका खाचेत लिंबाएवढा दगड बसला होता, एका अंगाला चुना लागलेला. त्यांनी तो हलवला. निघाला. रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

"प्रमोदिनी, हा युरोप आहे."

"म्हणून तर. इथं आपलं कोण आहे?"

कस्तुरी हसली. "आई, टू मच हं!"

आता वेशीतला दगड उचलू नये, हे माझ्या आजोळच्या गुराख्यालाही ठाऊक होतं. वेशीत काय काय पुरलेलं असतं, काय बांधून ठेवलेलं असतं, सांगता येत नाही. पण वहिनी वाढल्या मुंबईत. त्यांच्या गावाला वेस नव्हती, टोलनाका होता.

पुढं चौकात पर्यटकांना माहिती देणारी कचेरी होती. काउंटरवरच्या बाईनं हसून नकाशे दिले. तीन मोठे. आणि चौथा लहान मुलांचा, रंग भरायचा, बरोबर चार रंगीत खडू. तो देताना बाई वाकली आणि वहिनींच्या गुडघ्याशेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून काही तरी लाडानं बोलली.

"तुझ्या मुलीला सांग, आम्ही तिघं आहोत म्हणून सांग त्यांना," शशिकांत म्हणाला.

कस्तुरीनं सांगितलं. बाई हसली. नकाशा तिनं परत घेतला नाही.

त्या दिवसाचं मग असंच होत गेलं. सोमवार म्हणून संग्रहालय बंद. दुसऱ्या एका घरावर पाटी, दुरुस्ती चालू. चौकात एक लोखंडी पिंजरा होता. पूर्वी बदनाम ठरवलेल्या बायकांना त्यात उभं करत, असं कस्तुरीनं वाचून दाखवलं.

"आणि पुरुषांना काय शिक्षा?" वहिनींनी विचारलं.

"त्यांना सहलीला आणत," शशिकांत म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे एकमेव विनोदी वाक्य.

सेंट जेम्सच्या चर्चमध्ये लाकडात कोरलेली अठरा मीटर उंच वेदी आहे. तीच तर बघायची होती. पण आत ठरलेल्या वेळी, घोळक्यानं सोडत होते. दारातल्या बाईनं बोटानं माणसं मोजली. एक, दोन, तीन. मग बोट खाली नेलं. चार. शशिकांतच्या हातात तिकिटं पडली ती तीन पूर्ण आणि एक अर्धं.

"थ्री!" तो म्हणाला. "वी आर थ्री!"

बाईनं मान डोलावली. सगळे आत आले तरी तिनं दार थोडं उघडंच धरून ठेवलं. कुणीतरी रेंगाळत येत असावं तसं. मग लावलं.

"काका, स्टॉप," निधी म्हणाली. पण ती सरकून जवळ आली होती.

दुपारी दीडला चौकातल्या एका खानावळीत बाहेरच्या टेबलावर बसले. वेटरनं चार ताटं मांडली. शशिकांतनं तीन बोटं दाखवली. वेटरनं मान डोलावली, आत गेला आणि एक जाड उशी आणून चौथ्या खुर्चीवर ठेवली. मग लसणाचं सूप आलं. तीन मोठे वाडगे. एक छोटा. छोट्या वाडग्यावर त्यानं हळूच फुंकर मारली आणि तो उशीसमोर ठेवला.

शशिकांतचा पारा चढला. सकाळपासून त्याचं एक तरी म्हणणं कुणी ऐकलं होतं का? व्हिएन्ना गेलं, संग्रहालय गेलं, आणि आता माणसं मोजण्याइतकंही गणित या गावाला येत नव्हतं. त्यानं बायकोची पर्स ओढली, रुमाल सोडला, दगड काढला आणि फेकला. दगड फरसबंदीवर टणटण उडत दूर गेला.

"अहो! काम व्हायच्या आधी टाकायचा नसतो!"

"झालं काम. आता बघ. तीन म्हणजे तीन."

खरंच तसं झालं. वेटर आला, उशीसमोरचा वाडगा उचलून घेऊन गेला. कॉफी सांगितली होती. ती आली. तीन कप.

"बघ!" शशिकांत म्हणाला.

वेटरनं एक कप शशिकांतपुढं ठेवला. एक वहिनींपुढं. तिसरा कप कॉफीचा नव्हता. गरम चॉकलेट होतं. तो त्यानं उशीपुढं ठेवला.

कस्तुरीपुढं काही ठेवलं नाही.

ती त्यांच्या भाषेत त्याला काही म्हणाली. त्यानं बघितलं नाही. जाताना शेजारच्या टेबलाला खुर्ची कमी पडत होती, म्हणून कस्तुरीच्या खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि ती ओढू लागला. ती खुर्चीत बसलेली असताना. खुर्ची जड लागली तेव्हा नवल करत सोडून दिली.

"हॅलो? मी काय भूत आहे?" कस्तुरी म्हणाली. ती हसत होती. वहिनी हसल्या नाहीत.

शशिकांतनं वर पाहिलं नाही. तो अजून रुसलेलाच होता.

साडेचारला कस्तुरी एका दुकानात शिरली. आईबाप बाहेर उभे. दुकानदारीण किल्ल्या वाजवत आली, दिवे घालवले, बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं. आत कस्तुरी दोन्ही हातांनी काच बडवत होती. काच हलताना दिसत होती. आवाज येत नव्हता. दुकानदारीण काचेत बघून केस सारखे करत होती.

वहिनी ओरडल्या. शशिकांतनं त्या बाईचा दंडच धरला, "माय डॉटर! इनसाइड!" बाईनं घाबरून दार उघडलं, आत सगळीकडं पाहिलं, बाहेर आली, हात हलवून खुणेनं सांगितलं, कुणी नाही. तिच्या अंगावरून कस्तुरी बाहेर आली. पांढरी फटक.

"आई, तिला मी दिसले नाही. आई, शी लुक्ड राइट थ्रू मी."

आता मात्र शशिकांतनं मुलीकडं पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"चला," तो म्हणाला. "पहिल्या बसनं चला."

पावणेसहाची बस. अंधार पडायला लागला होता. वेशीबाहेर थांबा. शशिकांतनं तीन तिकिटं मागितली, ड्रायव्हरनं तीन दिली. दोन पूर्ण, एक अर्धं. शशिकांत चढला. वहिनी चढल्या. ड्रायव्हर क्षणभर थांबला, खालच्या पायरीकडं बघून हसला, आणि दार लावलं.

कस्तुरी बाहेर.

बस हलली. कस्तुरी काचेवर हात मारत पळत होती. लाल हातमोजा. वहिनींनी अशी किंकाळी फोडली की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. दोघं उतरली. बस गेली. पुढची आणि शेवटची बस सात वाजून वीस मिनिटांनी.

"दगड शोधा," वहिनी म्हणाल्या. "ज्याला सोबत म्हणून आणला त्याला वाटेत टाकलात तुम्ही. पाठवणी न करता. त्याला जागा हवी आहे. आणि त्यानं हिची घेतली."

शशिकांतनं वाद घातला नाही. या माणसानं माझ्याशी कॅरमच्या नियमावरून तीन वर्षं वाद घातला आहे. पण तेव्हा नाही. त्यानं मुलीचा हात धरला, गच्च, आणि तिघं पुन्हा वेशीतून आत गेली.

कमानीखाली पावलं वाजतात. त्यानं ऐकली. चौघांची होती. चौथी हलकी, उड्या मारत.

चौक रिकामा. खानावळ बंद. खुर्च्या साखळीनं बांधलेल्या. शशिकांतनं एका हातात फोनचा टॉर्च घेतला, दुसऱ्या हातात मुलीचा हात. फरसबंदी बघत निघाला. दगडांत दगड शोधायचा. गटाराची जाळी. बाकाचे पाय. एक दगड. नाही. दुसरा. नाही.

"कस्तुरी, तिकडं बघ," तो म्हणाला.

ती काही तरी बोलली. ओठ हलले. आवाज नाही.

"मोठ्यानं बोल."

ओठ हलले...

असा तासभर गेला. सात वाजायला आले. थंडी वाढली. वहिनी मागं उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "अहो, चला ना. गारठा आहे. आपण दोघंच काय करतोय इथं?"

शशिकांत म्हणतो, त्याला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. खरंच. काय करतोय आपण इथं? दोघंच तर होतो.

टॉर्च खाली होता. उजेडाचं गोल भोक. त्यात दगड.

मी काहीतरी शोधतोय.

काय?

दगड. कशाला?

...

डाव्या हातात काही तरी होतं. त्यानं बघितलं. एक लाल हातमोजा. त्यात हात. हाताला माणूस. एक बाई त्याच्याकडं बघून रडत होती. चेहरा ओळखीचा. कुठं पाहिलाय? ऑफिसात? नाव आठवेना. हात सोडावा का? परक्या बाईचा हात...

बोटं सैल पडली.

"काका!" गौरांगी ओरडली.

थांब. ऐक. शशिकांतला काय आठवलं सांगू? मुलीचं बारसं नाही. तिची पहिली शाळा नाही. लाडकी होती, हे नाही. त्याला आठवलं की आपण सकाळपासून कुणावर तरी चिडलो आहोत. राग अजून पोटात होता. गरम. तो कुणावर, ते आठवेना. पण होता. हायवे खात्याचा माणूस. खर्ची पडलेल्या वस्तूचा हिशेब लागल्याशिवाय फाइल बंद करत नाही.

आपण चिडलो. का?

व्हिएन्नाला जायचं होतं.

मग गेलो का नाही?

कुणीतरी हट्ट केला.

कुणी?

"व्हिएन्ना!" तो त्या रिकाम्या चौकात ओरडला. "व्हिएन्नाला जायचं होतं मला! कस्तुरी! तू इथं आणलंस! कस्तुरी!"

बोटं पुन्हा आवळली गेली. वहिनींनी दचकून तोंडावर हात घेतला. "अगंबाई... कस्तुरी." त्यांनी तिचा दुसरा हात धरला. मग सोडला नाही.

दगड बाकाखाली होता. एका अंगाला चुना. शशिकांतनं उचलला. त्या थंडीत तो कोमट होता. बराच वेळ कुणीतरी मुठीत धरल्यासारखा.

तिघं वेशीकडं निघाली. शशिकांत सारखं मुलीचं नाव घेत होता. बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सोशल इन्शुरन्स नंबर. जे जे पाठ होतं ते. मागं पावलं. हलकी. आता उड्या मारत नव्हती. ओढत येत होती.

कमान. टॉर्च. खाच.

वहिनी गुडघ्यावर बसल्या. दगड खाचेत ठेवला. बसला. त्या मराठीतच बोलल्या, दुसरं काय बोलणार. "बाळा, सोबत केलीस. काम झालं आमचं. आता तू तुझ्या घरी, आम्ही आमच्या."

पावलं थांबली.

काही नाही...

काही नाही...

"बाबा," कस्तुरी म्हणाली. "हात. दुखतोय."

आवाज आला होता. घोगरा, पण तिचाच.

शेवटच्या बसच्या ड्रायव्हरनं तिघांकडं बघितलं आणि तिकिटं दिली. तीन. पूर्ण. कस्तुरीला तो वैतागून काही तरी म्हणालाही, बहुतेक सुटे नाहीत म्हणून. त्या वैतागाचं त्या मुलीला किती बरं वाटलं असेल! शशिकांतनं मागं वळून वेशीकडं पाहिलं. अशा वेळी काहीतरी दिसतं म्हणतात. त्याला कमान दिसली. कमानीखाली दिवा होता, दिव्याखाली काही नव्हतं.

ती दिवाळीला घरी आली. तुम्ही सगळे भेटलात तिला. लाडू वळले, निधीशी गप्पा मारल्या.

"येस, शी वॉज टोटली नॉर्मल," निधी म्हणाली.

होती. मग ती हॅलिफॅक्सला परत गेली. शशिकांत रोज रात्री तिला फोन करतो. नुसतं "कस्तुरी ना?" विचारतो. ती "हो बाबा" म्हणते. मग ठेवतो.

"मग संपलं ना, काका?" तनयनं विचारलं.

मलाही वाटलं होतं. चार जानेवारीला, शनिवारी, शशिकांतचा फोन आला. जरा येऊन जा म्हणाला. मी गेलो. ड्राइव्हवे शोव्हल न केलेला. या माणसाच्या दारात बर्फ पडून राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. तो मला बेसमेंटमध्ये घेऊन गेला. वहिनी आल्या नाहीत.

खाली जिन्याशी एक दार आहे. त्याच्या चौकटीवर, कस्तुरी तीन वर्षांची असल्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत, दर वाढदिवसाला तिला उभी करून शशिकांतनं पेन्सिलनं रेघ मारली होती. रेघेशेजारी आकडा. तीन, चार, पाच, सहा. सगळ्या रेघा त्यानं पट्टी लावून मारल्या होत्या. इंजिनिअर ना. सहाव्या वाढदिवसाला ती पट्टी तिच्या डोक्यावर मीच धरली होती. हलत होती कार्टी सारखी.

शशिकांतनं टॉर्च धरला.

वर पंधरा होतं. चौदा, तेरा. खाली उतरत सात. त्याच्या खाली लाकूड कोरं. खोडलेलं नाही. रंग दिलेला नाही. कधी काही लिहिलंच नव्हतं असं कोरं.

आणि जिथं सहाची रेघ होती, बरोबर तिथं, एक नवी रेघ. पेन्सिलची नाही. ओरखडा. बारीक नखानं ओढावा तसा. वाकडी. पट्टी न लावलेली.

शशिकांतनं कोऱ्या लाकडावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाला, "बळवंत, इथं खाली आधी काही होतं का रे? मला आठवत नाही."

मी सांगितलं. तीन, चार, पाच, सहा. त्यानं खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. मग मुलीला फोन लावला. हॅलिफॅक्सला तेव्हा मध्यरात्र होऊन गेली होती. "कस्तुरी ना?" तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला...

काल संध्याकाळी मी मुद्दाम जाऊन आलो. मोजपट्टी घेऊन.

सातची पेन्सिलची रेघ राहिलेली नाही. ओरखडा एकच आहे. अजून वाकडाच. पण आता तो सातच्या जागी आहे.